जन्मानं गॉब्लिन

दोस्तांनो, खेळावर लिहितोय म्हणून नाक मुरडू नका. चळवळीच्या पानावर हा पोरखेळ कशाला, असं विचारणारे दोन-चार थोर लोक मला माहीत आहेत. त्यांना माझा एकच सवाल आहे. सारीपाट खेळच होता ना? त्या पटावर राज्य गेलं, बाई पणाला लागली, आणि त्यावर इथं पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनं झडली. मोक्षपट खेळच होता ना? शिडी म्हणजे पुण्य, साप म्हणजे पाप. पोराच्या मुठीत कवड्या दिल्या आणि खेळता खेळता त्याच्या टाळक्यात कर्मविपाक भरला. शाळा न काढता, काठी न उगारता. बामणी व्यवस्थेला खेळाची ताकद कळली होती. आपण मात्र खेळ म्हटलं की पोराच्या पाठीत धपाटा घालतो.

तर डब्याकडं येतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या बुधवार पेठेतल्या अभ्यासिकेत एक डबा आला. पुण्यात कंपनीत असलेला आमचाच एक दोस्त सुट्टीला आला, त्यानं आणला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा नवशिक्यांसाठीचा 'स्टार्टर सेट', २०१४ सालचा. निघाला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत वीस डॉलरला एक सेंट कमी होती. माझी आई विड्या वळते. तिच्या किती हजार विड्या त्या डब्यात बसतात याचा हिशेब मी मनात केला आणि तिला सांगितलाच नाही.

आत काय होतं? ३२ पानांची नियमांची वही, ६४ पानांचं साहसाचं पुस्तक, पात्रांचे ५ तयार कागद आणि ६ फासे. त्यातला एक चार बाजूंचा, एक वीस बाजूंचा, बाकीचे अधलेमधले. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण मास्टर होतो. तो सांगतो, रात्र आहे, समोर दार आहे, आतून आवाज येतोय. बाकीचे सांगतात, आम्ही काय करतो ते. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या अंगची ताकद मिळवायची, आणि मास्टरच्या आकड्याला पोचलं तर जमलं. नाही तर आपटलात. कुणी कायमचं जिंकत नाही, कुणी कायमचं हरत नाही. गोष्ट पुढं जात राहते.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ बाजारात आणला. विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा नावाचं गाव, तिथली टी.एस.आर. नावाची छोटी कंपनी. नियम इतके किचकट की नव्या माणसाला डोकं फुटायची पाळी. म्हणून १९७७ मध्ये नवशिक्यांचा पहिला डबा निघाला. मग १९८१ चा, मग १९८३ चा लाल डबा. पुढं १९९७ मध्ये टी.एस.आर. दुसऱ्या कंपनीनं गिळली, १९९९ मध्ये त्या कंपनीला हॅस्ब्रोनं गिळलं. भांडवलाचा हा खेळ सगळीकडं सारखाच. तिथं फासा टाकावा लागत नाही.

पण मूळ गोष्ट काय आहे? सोंग घ्यायचं आणि सोंगातून बोलायचं. हे आम्हाला अमेरिकेनं शिकवायचं? सत्यशोधकांचे जलसे काय होते? भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे काय होते? ज्याला देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते तो माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात राजा होऊन उभा राहायचा, सावकार होऊन उभा राहायचा, आणि समोर बसलेल्या हजार माणसांना कळायचं की राजा आणि सावकार हीसुद्धा सोंगंच आहेत, अंगावरून उतरवता येतात. आणि बहुरूपी? पोलिसाचं, देवाचं, डॉक्टरचं रूप घेऊन दारोदार फिरणारी ती भटकी जमात. अमेरिकेनं सोंग डब्यात भरून विकलं की तो उद्योग होतो. आमच्या बहुरूप्यानं तेच दारात उभं राहून केलं की ती भीक होते.

म्हणून मी डबा उघडला. आणि आमच्या डोळ्यांसमोर त्या डब्यातून काय निघालं ते सांगायला हा लेख लिहितोय.

पहिल्या रविवारी आम्ही सहाजण बसलो. मास्टर मी. पाचजणांना पाच कागद. प्रत्येक कागदावर पात्राचा वंश, त्याचा धंदा, त्याची पार्श्वभूमी, त्याच्या ताकदीचे आकडे. दोन माणूस-लढवय्ये: त्यातला एक खानदानी, दुसरा गावातला साधा माणूस. एक बुटक्या ड्वार्फांचा पुरोहित. एक एल्फ जातीचा जादूगार. आणि एक हाफलिंग, म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचा, पेशानं लपूनछपून कामं करणारा.

खानदानी कागदावर तिघांनी एकदम झडप घातली. मला हसू आलं आणि रागही आला. पण त्या पोरांना काय बोलणार? आयुष्यात एक तर रविवार खानदानी व्हावं असं कुणाला वाटणार नाही? हाफलिंगचा कागद शेवटी उरला. तो आला सेटलमेंटमधनं येणाऱ्या आमच्या मित्राकडं. त्यानं कागद वाचला. पार्श्वभूमीच्या रकान्यात छापलं होतं: क्रिमिनल.

तो जोरात हसला. "हे काय बे? इथंबी आधीच लिहून ठेवलंय की!"

आम्हीही हसलो. त्याला हसायचा हक्क होता. आम्हाला होता का, ते पुढं बघू.

खेळ सुरू झाला. आमच्या पात्रांना एक गाडी सामान दुसऱ्या गावाला पोचवायची होती. वाटेत दोन घोडी मरून पडलेली. अंगात काळ्या पिसांचे बाण. जवळ गेलात की झाडीतून चार गॉब्लिन बाहेर येतात. पोरांनी फासे टाकले, आरडाओरडा केला, एकेका गॉब्लिनला लोळवला. मी मास्टर म्हणून रक्ताचं वर्णन रंगवून केलं. खोटं कशाला बोलू, मजा आली. तीन मेले. चौथा जखमी होऊन पडला.

तेव्हा सेटलमेंटवाल्या मित्रानं विचारलं, "हे लोक कोण बे?"

"गॉब्लिन."

"ते कळलं. राहतात कुठं? खातात काय? वाट का अडवली?"

मी पुस्तक उलटंपालटं केलं. गॉब्लिनचा तक्ता काढला. आकार: लहान. चिलखत: १५. जीव: ७. वृत्ती: दुष्ट. तलवारीचा आकडा होता, बाणाचा आकडा होता. वाट का अडवली, हे नव्हतं.

"वृत्ती दुष्ट म्हणजे? ह्या चौघांची का सगळ्यांची?"

"सगळ्यांची. तक्ता सगळ्यांचा एकच असतो."

"जन्मल्यापासनं?"

मी गप्प बसलो. तो म्हणाला, "माझ्या आज्याच्या कागदावर हेच लिहिलं होतं."

दोस्तांनो, सोलापूरच्या पोराला हे समजावून सांगावं लागू नये. पण आपल्यातल्या निम्म्यांना ते माहीत नाही, म्हणून सांगतो. इंग्रजानं १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. चोरी कुणी केली हे शोधायची गरजच ठेवली नाही. अमुक जमातीत जन्मला, म्हणजे गुन्हेगार. पाळण्यातलं पोरही गुन्हेगार. सोलापुरात अशा जमातींची मोठी वसाहत उभी केली. भोवती तारेचं कुंपण. रोजची हजेरी. बाहेर जायला पास. आतली माणसं इथल्या गिरण्यांत राबवली. इथल्या कापडात त्यांचा घाम आहे, पण गावाच्या इतिहासात त्यांचं पान नाही. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाल्यावर! आणि लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. तार तोडली, तक्ता ठेवला. आजही कुठं चोरी झाली की पोलीस कुठल्या वस्तीत आधी जातात, ते वस्तीतल्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे.

इंग्रजाला हा तक्ता आयता कुठून मिळाला? जन्मावरून माणसाची वृत्ती ठरवायची शाळा इथं आधीच हजारो वर्षं चालू होती. मनूचा तक्ता तयार होता. इंग्रजानं त्यावर शिक्का मारला.

कुणी म्हणेल, एवढं काय मनाला लावून घेता, गॉब्लिन खरे थोडेच असतात? बरोबर आहे. गॉब्लिन खरे नसतात. तक्ता खरा असतो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या, मंगळवेढा तालुक्यातल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं पोटासाठी तिथं गेली होती. मोबाईलवर अफवा फिरत होती की पोरं पळवणारी टोळी आली आहे. जमावानं कुणाला काही विचारलं नाही. कोण, कुठले, कशाला आलात, काही नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाच माणसं ठेचून मारली. त्या जमावातल्या कुणी असला डबा उघडला नव्हता. त्यांना गरजच नव्हती. अंगावरचे कपडे, खांद्यावरची झोळी, अनोळखी बोली बघितली आणि डोक्यातला तक्ता उघडला: आकार, जीव, वृत्ती दुष्ट. फासे टाकायचे तेवढे बाकी होते.

म्हणून म्हणतो, डब्यातल्या तक्त्याकडं पोरखेळ म्हणून बघू नका. चौदा वर्षांच्या पोराचा हात त्या तक्त्यावर बसतो, आणि त्याला सवय लागते. समोरचा कोण हे न विचारता तो कसला, एवढंच बघायची सवय.

आता १९८१ च्या डब्याची गंमत ऐका. तो वाचून मी थक्क झालो. त्या डब्यात माणसाला चार धंदे खुले होते: लढवय्या, पुरोहित, जादूगार, चोर. निवड तुमची. पण तुम्ही ड्वार्फ असाल तर तुमचा धंदा ड्वार्फ. एल्फ असाल तर धंदा एल्फ. हाफलिंग असाल तर धंदा हाफलिंग. जन्म तोच धंदा! आणि त्याच वर्षी निघालेल्या पुढच्या डब्यात लिहिलं की हाफलिंगला आठव्या पायरीच्या वर जाता येणार नाही, एल्फला दहाव्या, ड्वार्फला बाराव्या. माणूस मात्र त्याच्याही वर चढणार. कितीही लढा, कितीही शिका, फासा कितीही चांगला पडो. वर फळी ठोकलेली.

विस्कॉन्सिनमधल्या त्या लोकांनी मनुस्मृती वाचली असेल असं मला वाटत नाही. तरी चातुर्वर्ण्य बरोबर उतरलं. का? कारण माणसं वेगळी कशी दाखवायची, असा प्रश्न पडला की जन्माचा रकाना सगळ्यात सोपा असतो. फार विचार करावा लागत नाही.

आणि आपल्याकडं हा डबा खेळला गेला नाही असं समजू नका. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. का? तर धाग्याला तोंड लावावं लागायचं, आणि विटाळ व्हायचा. जास्त पगाराचं खातं बंद. बाकीच्या खात्यांत राबा. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला, तेव्हा कुठं तो मागण्यांच्या कागदावर आला. माझा आजा सोलापुरात गिरणीत होता. मुंबईचं ते खातं त्यानं पाहिलं नाही. पण वर ठोकलेली फळी त्याला माहीत होती. त्याच्या डोक्याला ती रोज लागायची.

बरं, ह्या खेळवाल्यांना पुढं अक्कल आली का? थोडी आली. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला पोलिसानं गुडघ्याखाली चिरडून मारलं. काळी माणसं रस्त्यावर आली. त्यानंतर काही आठवड्यांतच कंपनीनं जाहीर केलं की ऑर्क आणि काळ्या कातडीचे ड्राव एल्फ यांना जन्मजात दुष्ट दाखवणं बरं नव्हे, तीही इतरांसारखीच गुंतागुंतीची माणसं आहेत. २०२४ च्या नव्या नियमांत 'रेस' हा शब्द काढला, तिथं 'स्पीशीज' घातला. ताकदीचे वाढीव आकडे वंशावरून मिळत होते, ते आता पार्श्वभूमीवरून, म्हणजे तुम्ही आधी काय काम करत होता त्यावरून मिळतात.

टाळ्या वाजवायच्या? वाजवा. रस्त्यावरच्या माणसांमुळं पुस्तकातला शब्द बदलला, ही लहान गोष्ट नाही. पण दोन टाळ्यांनंतर हात थांबवा आणि आपलं डोकं लावा.

रेस काढून स्पीशीज घातलं. अहो, रेस म्हणजे निदान माणसांतला भेद. स्पीशीज म्हणजे प्राण्यांतला! अस्पृश्याला हरिजन म्हटल्यानं पाणवठा खुला झाला नव्हता. आणि जन्माऐवजी काम? अमेरिकेत तो बदल मोठा असेल. इथं नाही. इथं काम हेच जन्माचं दुसरं नाव आहे. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचं उच्चाटन' या १९३६ च्या भाषणात सांगून ठेवलंय की जात ही श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी आहे. ज्याचा बाप गटार साफ करत होता त्याच्या पार्श्वभूमीच्या रकान्यात काय छापलं जाईल, आणि त्यावरून त्याला कोणते आकडे मिळतील? त्याच भाषणात बाबासाहेबांनी आर्यसमाजींची हजेरी घेतली. आर्यसमाजी म्हणत, वर्ण जन्मानं नको, गुणानं ठरवू. बाबासाहेब म्हणाले, मग ब्राह्मण, क्षत्रिय ही जुनीच नावं कशाला ठेवता? नावाबरोबर उतरंड येते. कंपनीनं रकाने इकडचे तिकडं केले. रकाना मोडला नाही. रकाना मोडायचं काम आपलं आहे.

आणि ह्या खेळात आपल्या देशाचं काय आहे, तेही बघा. १९७७ च्या राक्षसांच्या पुस्तकात 'राक्षस' याच नावाचा एक प्राणी आहे. वाघाचं तोंड, अंगात उंची झगा, तोंडात चिलीम. मूळ ठिकाण भारत. पक्का दुष्ट. आणि त्याला मारायचा उपाय काय? पुरोहितानं मंत्रून दिलेला बाण! साता समुद्रापलीकडं आमच्या देशातून काय गेलं बघा. तुकोबा गेला नाही, चोखोबा गेला नाही, भटाच्या मंत्राचा बाण मात्र बरोबर पोचला. १९८० साली देवांचं पुस्तक निघालं, त्यात आमचे वैदिक देवही ताकदीच्या आकड्यांसह ओळीनं उभे. देव आणि राक्षस. वाटणी तीच.

पण जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त या वाटणीचाच तक्ता उलटा केला होता. राक्षस म्हणजे मूळचे रक्षक, असं त्यांनी लिहिलं. या भूमीचं रक्षण करणारी माणसं. ज्यांनी लुटलं त्यांनी पोथी लिहिली आणि रक्षकाचा राक्षस केला. आणि हे पुस्तक जोतीरावांनी अर्पण कुणाला केलं? गुलामगिरी मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना! त्याच अमेरिकेतून शंभर वर्षांनी राक्षस डब्यात बसून परत आला, दुष्टपणाचं लेबल लावून. जोतीरावांचं पत्र पोचलं नाही, दोस्तांनो. आता ते आपण परत टाकायचं.

कुणी टाकतच नाही असंही नाही. मिमी मंडल ही कोलकात्याची दलित लेखिका. २०२२ मध्ये याच खेळाचं 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' नावाचं पुस्तक निघालं. गोऱ्या नसलेल्या लेखकांनी लिहिलेली साहसं त्यात आहेत. त्यातलं एक मिमी मंडलचं, बंगालच्या मातीतलं. आपली एक बाई त्या टेबलाच्या मास्टरच्या बाजूला जाऊन बसली. हे मी मोठं मानतो. कारण ह्या खेळात खरी सत्ता तलवारीत नसते, जादूतही नसते. समोर कोण उभा आहे, हे जो सांगतो त्याच्या हातात असते.

आणि आता कामाची गोष्ट. २०२३ च्या जानेवारीत कंपनी खेळाच्या परवान्याच्या अटी आवळायला निघाली होती. मसुदा फुटला. खेळणाऱ्यांनी जगभर बोंब ठोकली, वर्गण्या बंद केल्या. महिना संपायच्या आत कंपनी वाकली आणि मूळ नियमांचा गाभा खुल्या परवान्याखाली सोडून दिला. मूळ कुठून घेतलं एवढं नमूद करायचं. मग त्याचं भाषांतर करा, मोडतोड करा, छापा, विका. कुणी अडवू शकत नाही. म्हणजे मराठीत आपला डबा काढायला आता कुणाच्या बापाची परवानगी नको.

आम्ही काय केलं ते सांगतो. फार मोठं काही केलं नाही.

दुसऱ्या रविवारी मी मास्टरच्या खुर्चीतून उठलो आणि सेटलमेंटवाल्या मित्राला बसवलं. त्यानं पुस्तक मिटून ठेवलं. म्हणाला, चौथा गॉब्लिन जखमी पडलाय, तुम्ही काय करताय? खानदानी लढवय्या म्हणाला, मारतो. मित्र म्हणाला, मार, पण त्याआधी तो काय म्हणतोय ते ऐक. आणि तो गॉब्लिन बोलायला लागला. सोलापुरी बोलीत. त्याची वस्ती आधी खालच्या ओढ्याला होती. खाण निघाली, पाणी गेलं. वस्ती हलवली, तिथनं रस्ता काढला. गावात कामाला गेले तर दाखला मागतात, राहिले तर हाकलतात. घोडी मारली, होय, मारली. लेकरं चार दिवस उपाशी होती. "आता टाका फासा," मित्र म्हणाला.

कुणी फासा टाकला नाही. दोन तास नुसती भांडणं झाली. घोडीवाल्याचं काय? लुटलं ते लुटलंच ना? भूक लागली म्हणून बाण मारायचा का? मला विचाराल तर त्या अभ्यासिकेत झालेली ती सगळ्यात चांगली सभा. आणि कुणाला व्याख्यान द्यावं लागलं नाही.

आमच्यातला एकजण वैतागून म्हणाला, "असं सगळ्यांनाच चांगलं केलं तर लढायचं कुणाशी बे? मजा काय राहिली?" त्याचा प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर दिलं पाहिजे.

लढायचं आहे. भरपूर लढायचं आहे. आमच्या गोष्टीत खाणीचा मालक आहे, पाणी वळवणारा आहे, वस्ती जाळायला पैसे देणारा आहे. पण ते दुष्ट आहेत ते त्यांच्या करणीनं. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढं बोलताना बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि लगेच बजावलं की ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात असं मी म्हणत नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती जिथं असेल तिथं ती आहे, आणि ती सगळ्या जातींत शिरलेली आहे. दोस्तांनो, जन्माच्या तक्त्यानं ज्याला हजारो वर्षं छळलं त्या समाजातला हा माणूस, शत्रूसाठीसुद्धा जन्माचा तक्ता वापरायला तयार नाही. आमच्यातले किती जण एवढे तयार आहेत? शिवी देताना आपण जातीवरूनच देतो की नाही?

आता शेवटची गोष्ट. ही लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो.

तो मित्र पहिल्यांदा आमच्या घरी आला तो दिवस मला आठवतो. आईनं चहा ठेवला. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध. आत्यानं विचारलं, कुठला रे तू? त्यानं सेटलमेंट सांगितलं. आत्यानं कपाळाला आठी घातली नाही, वाकडा शब्द काढला नाही. नुसता टेबलावरचा मोबाईल उचलला आणि आत नेऊन ठेवला. त्यानं ते बघितलं. मी ते बघितलं. आम्ही दोघंही चहा पीत राहिलो. मी आत्याला त्या दिवशी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ज्या बाईला उभं आयुष्य वरून पाणी वाढलं गेलं, तिच्याही डोक्यात तक्ता होता. आणि तो तक्ता दिसूनही गप्प बसणारा मी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढं नाचत होतो.

म्हणून 'क्रिमिनल' वाचून तो हसला तेव्हा आम्हाला हसायचा हक्क नव्हता.

त्या रविवारनंतर घरी गेलो आणि आत्याशी बोललो. ती आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली, मला माझ्या आईनं असंच शिकवलं होतं. मी म्हटलं, आत्या, तक्ता असाच येतो.

तर आम्ही ठरवलंय. मराठीत डबा काढायचा. त्यात जन्माचा रकाना नसेल. कुठल्याही जमातीपुढं वृत्ती छापलेली नसेल. प्रत्येक समोरच्याला, मारण्याआधी, एक तरी वाक्य बोलायची पाळी मिळेल. मास्टरची खुर्ची दर रविवारी फिरेल. एकाच्या बुडाखाली राहणार नाही. फासे सहाबाजूंचेच ठेवू, कुठल्याही किराणा दुकानात मिळणारे, म्हणजे आमच्या आयांच्या विड्या मोजाव्या लागणार नाहीत. ज्यांना चित्रं काढता येतात, इंग्रजी येतं, आकडेमोड येते, त्यांनी या. बहुरूप्यांची, डवरी गोसाव्यांची, कैकाड्यांची, पारध्यांची पोरं आधी या, कारण गोष्ट तुमच्याकडं आहे. आमच्याकडं नुसता डबा आहे.

आणि ज्यांच्याकडं दुकानातला डबा आहे त्यांनी तो फेकू नका. उघडा. तक्ता काढा. वृत्तीच्या रकान्यावर पेनानं काट मारा.

पण त्याआधी घरातला मोबाईल टेबलावर ठेवा.

जय भीम.